थांबाकाकांचा उजवा हात

माझ्या भावाला आमच्या गल्लीत त्याच्या नावाने कोणी ओळखत नाही. शाळकरी मुलांपासून पोस्टमनपर्यंत सगळे त्याला थांबाकाका म्हणतात. आमचं वाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या मोटारी लोक आणून टाकतात, पंख्याच्या, पाण्याच्या पंपाच्या, शिलाई मशीनच्या. आतली काळी पडलेली तार उपसून काढायची, साच्यावर नवी तांब्याची तार गुंडाळून कॉइल करायची आणि ती मोटारीच्या खाचांमध्ये भरायची. गुंडाळताना वेढे मोजावे लागतात, एकसुद्धा कमीजास्त झालेला चालत नाही. मशीनला वेढ्यांचा आकडा दाखवणारं चक्र आहे, पण दादाचा त्याच्यावर काडीचा विश्वास नाही. तो मनात मोजतो. मोजणी चालू असताना कोणी आलं की तार धरलेल्या डाव्या हाताचं एक बोट वर होतं. थांबा. बँकेचे साहेब असोत नाहीतर दूधवाला, सगळ्यांना तेच बोट. आमचे वडील गेले तेव्हा मी वरून धावत खाली आले होते, तेव्हासुद्धा आधी बोटच वर झालं. ते मी त्याला अजून माफ केलेलं नाही.

बोट वर असूनही समोरचा बोलतच राहिला तर दादा मान हलवतो. त्या मानेला होकार म्हणता येत नाही आणि नकारही म्हणता येत नाही. ‘ऐकलं, आता जा’ एवढाच तिचा अर्थ. पण आमची वहिनी हुशार बाई. लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिने ठरवून टाकलं की मान हलली म्हणजे हो. फ्रिज असाच आला. स्वयंपाकघरातली खिडकी अशीच मोठी झाली. तिची धाकटी बहीण महिनाभर राहायला आली तीही अशीच. दादा नंतर आदळआपट करायचा, मग वहिनी शांतपणे म्हणायची, “अहो, तुम्ही मान हलवली होतीत.” तिथे विषय संपायचा. आपण शब्दाचे पक्के आहोत हे त्याने गावभर सांगून ठेवलेलं, त्यामुळे पळवाट त्यानेच बंद केलेली. घरात महत्त्वाचं काही मागायचं असलं की सगळे मशीनचा आवाज सुरू व्हायची वाट पाहतात. दुसऱ्या कुठल्या घरात असली पद्धत असेल असं मला वाटत नाही.

त्याच्या एकुलत्या एक मुलीला आम्ही ठिणगी म्हणतो. वाइंडिंगवाला ज्या एका गोष्टीला घाबरतो तेच नाव त्याने स्वतःच्या पोरीला लाडाने ठेवलं, यावरून त्याच्या डोक्याची कल्पना यावी. पोरगी दुकानातच वाढली. बोटं लांब आणि बारीक, नजर तीक्ष्ण. तारेवर एक पातळ मुलामा असतो. खाचेच्या कडेला घासून तो जरासा जरी खरवडला गेला तरी मोटर पुन्हा जळते. मोठमोठे मिस्त्री तिथे चुकतात, पण ठिणगी शाळेत असल्यापासून चुकत नव्हती. दादा तिच्याकडे असा बघायचा की आम्हाला हसू यायचं. एकदा त्याने पेंटरला बोलावून पाटीवर नावापुढे ‘आणि कन्या’ असं लिहायला सांगितलं. पेंटर म्हणाला, असं कोणी लिहीत नाही. दादा म्हणाला, तू रंगव.

मी हे सगळं जरा तिरप्या डोळ्यानेच बघत होते, ते का ते सांगून टाकते. माझीही बोटं बारीक होती. पण आमच्या वडिलांनी मला दुकान झाडायलासुद्धा कधी सांगितलं नाही, मुलीची जात म्हणून. मी नर्स झाले आणि अजूनही जवळच्याच दवाखान्यात मलमपट्टीच्या खोलीत काम करते. तेव्हा मनाला लागलं होतं. पुढे कळलं की मी वाचले होते.

कारण ते दुकान म्हणजे दोन भिंतींमधली फट आहे. आत ओळीने दोन स्टुलं, समोर भिंत, भिंतीवर तारेची रिळं, मागे घरात जाणारा अरुंद जिना आणि सगळीकडे कॉइलवर ओततात त्या वॉर्निशचा वास. आतल्या स्टुलावरच्या माणसाला रस्त्यावर यायचं तर बाहेरच्या स्टुलावरच्याने उठायला हवं. दिवसभर दिवा लावलेला असतो. बाहेर ऊन आहे की ढग हे गिऱ्हाइकाच्या कपड्यांवरून ओळखायचं.

तर ठिणगीने कॉलेज संपवलं आणि एका सकाळी पंपाची मोठी कॉइल मशीनवर चढल्याबरोबर बापाजवळ जाऊन उभी राहिली. मी तिथेच होते, चहाचा कप परत द्यायला आले होते.

“बाबा,” ती म्हणाली, “मी शिक्षिकेच्या अभ्यासक्रमाला नाव घालतेय. मला शाळेत शिकवायचंय. लहान मुलांना. दुकानात नाही बसायचं मला.”

बोट वर झालं.

“आज शेवटची तारीख आहे. हो ना बाबा?”

मान हलली. ती जिन्यावरून वर पळाली, पिशवी घेतली आणि गेली. दादाने कॉइल उतरवली, धाग्याने बांधली, घाम पुसला आणि मला विचारलं, “काय म्हणत होती गं ती?”

मी सांगितलं. त्या दिवशी घरात जे झालं ते सगळं लिहीत नाही. “मी कधी हो म्हटलं?” हे दादा जिन्यावरून वरखाली करत किती वेळा ओरडला असेल. वहिनीने भाजी चिरता चिरता एकदाच मान वर केली. “तुम्ही मान हलवलीत. वन्संच्या समोर हलवलीत.” आणि पुन्हा चिरायला लागली.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या दवाखान्यात येऊन पेशंटच्या बाकावर बसला. पट्टी बांधायची होती ती एका म्हाताऱ्याच्या गुडघ्याला, पण खरा घायाळ शेजारी होता.

“छोटी, तू तिला समजाव.” मी पन्नाशी ओलांडली तरी त्याला मी छोटीच. “शाळेत काय आहे? दरवर्षी नवा कागद, दरवर्षी मुख्याध्यापिकेच्या दारात उभं राहायचं, यंदा ठेवता का म्हणून. इथे आपलं दुकान आहे. इथून तिला कोण काढणार?”

“कोणी नाही काढणार, दादा. तेच म्हणते मी.”

त्याला माझं बोलणं कळलं नाही, किंवा कळून त्याने कानाडोळा केला. “आणि मला सांग,” तो म्हणाला, “मोटर भरली, बटण दाबलं, फिरली, की कळतं आपण काय केलं ते. पोरगं चालू झालं हे मास्तरला कधी कळणार? वीस वर्षांनी? तोवर कोण ओळख ठेवतं?”

म्हाताऱ्याला हसू आलं. मला नाही आलं. कारण दादाचा चेहरा मी बघत होते आणि त्याला खरंच भीती वाटत होती. आपल्यामागे दुकान बंद पडेल ही एक भीती, आणि पोरगी कोणाच्यातरी मर्जीवर जगेल ही दुसरी. या दोन्ही भीती त्याच्या मनात इतक्या एकमेकींत गुंतल्या होत्या की कुठली स्वतःसाठी आणि कुठली तिच्यासाठी, हे त्यालाही सांगता आलं नसतं. मी म्हटलं, “शिकू दे तिला. बघू पुढचं पुढे.” तो उठून गेला.

ठिणगी शिकली आणि मागच्या रस्त्यावरच्या शाळेत लागली, तात्पुरत्या जागेवर. लहान वर्ग मिळाला. ती घरी आली की तिचा आवाज बसलेला असायचा आणि तोंड मात्र बंद व्हायचं नाही. एक मुलगा वजाबाकी करताना हातचा घ्यायला तयारच नव्हता, म्हणाला दुसऱ्याचं का घ्यायचं. तिने त्याला कसं पटवलं ते ती जेवायचं सोडून सांगत होती. वहिनी हसत होती, मी हसत होते. दादा ताटाकडे बघत ऐकत होता. मला वाटलं, निवळतोय हळूहळू.

मग अपघात झाला. वॉर्निश गरम करायचा डबा त्याच्या उजव्या हातावर कलंडला. मनगटापासून बोटांपर्यंत कातडी गेली. मीच रोज पट्टी बदलत होते, म्हणून सांगते, भाजणं खरं होतं आणि जोराचं होतं. पट्टी निघाल्यावर बोटं थरथरायची, तेही खरं होतं. तार खाचेत जाईना, कडेला घासायची. दोन मोटारी भरून दिल्या त्या परत आल्या. थांबाकाकांकडून मोटर परत आली हे गल्लीत पहिल्यांदाच घडत होतं.

ठिणगी त्या दुपारी शाळेतून आली ती वर न जाता आतल्या स्टुलावर बसली. “बाबा, सरका. मी भरते. हात बरा होईपर्यंत मी येत जाईन.”

‘हात बरा होईपर्यंत.’ मी तिथेच होते, आणि असेच शब्द या दुकानात मी आधीही ऐकले होते. कधी ते पुढे येईल.

सकाळी शाळा, दुपारपासून दुकान, असं तिचं सुरू झालं. मुलांच्या वह्या ती दुकानात तपासायची. त्यांना वॉर्निशचे डाग पडायचे, वास लागायचा. वर्गातली पोरं वह्या नाकाला लावून बघतात म्हणून ती हसत सांगायची. पुढे पुढे हसणं कमी झालं. मुलं संध्याकाळी मैदानात नाटक बसवायची, त्याला ती जाऊ शकत नव्हती. शाळेतल्या बाया सहलीला गेल्या तेव्हा ही दातांच्या डॉक्टरचं यंत्र उघडून बसलेली. हातचा न घेणाऱ्या मुलाचं पुढे काय झालं हे मी एकदा विचारलं, तर म्हणाली, “कोण गं?” आणि मग लाजली. पोरगी वाळत चालली होती. दादा बाहेरच्या स्टुलावर बसून मोजायचा, गुंडाळायचा आणि कॉइल तिच्याकडे सरकवायचा. भरायचं काम तिचं. मशीनचा दांडा फिरवायला थरथर आड येत नाही.

असे किती महिने गेले. मग तिला दुसऱ्या गावच्या एका मोठ्या शाळेतून फोन आला. कायमची जागा, राहायला शाळेचीच खोली. आठवड्याच्या शेवटी शनिवारी कळवायचं होतं. सोमवारी तिने ते घरात सांगितलं तेव्हा आम्ही चौघं चहाला बसलो होतो. या वेळी तिने मशीनची वाट पाहिली नाही, हे माझ्या लक्षात आलं.

दादा म्हणाला, “जा की. चांगलंच आहे. माझं काय, बघेन कसंतरी.” आणि त्याच्या हातातली कपबशी वाजायला लागली. ती कितीतरी वेळ वाजत होती. वहिनीने पुढे होऊन ती काढून घेतली. त्याने हात टेबलावर ठेवला, आमच्या सगळ्यांच्या मध्ये, आणि तो तिथेही हलत राहिला.

ठिणगी म्हणाली, “बघते,” आणि उठून गेली.

मी आयुष्यभर थरथरणारे हात पाहिलेत. ज्याचा हात खरंच थरथरतो तो माणूस तो लपवतो. मांडीखाली घालतो, खिशात कोंबतो, दुसऱ्या हाताने धरून ठेवतो. लाज वाटते त्याला. टेबलाच्या मधोमध कोणी मांडून ठेवत नाही. ते पाहिलं आणि माझ्या अंगाची आग झाली.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यातून दुपार व्हायच्या आतच निघाले. ठिणगी शाळेतून यायची होती. पुढून गेले नाही. मागच्या दाराने घरात शिरले, चपला वरच काढल्या आणि अनवाणी जिना उतरून अर्ध्यावर थांबले. दादा माझ्याकडे पाठ करून बसला होता. समोर उघडी मोटर, आणि तो उजव्या हाताने तार भरत होता. बारीकातली बारीक तार, केसासारखी. एकामागून एक खाचेत बसत होती. हात दगडासारखा स्थिर होता.

“किती दिवस झाले बरा होऊन?” मी विचारलं.

तो दचकला नाही. त्याने तार खाली ठेवली. मी खाली उतरून आतल्या स्टुलावर बसले, पोरीच्या.

“बरेच दिवस,” तो म्हणाला.

“दादा, तुला लाज कशी वाटत नाही?”

“आधी खरंच थरथरत होता, छोटी. तुला ठाऊक आहे. मग एका दुपारी माझ्या लक्षात आलं की थांबलाय. तिला सांगायला तोंड उघडलं. ती इथे बसून भरत होती, मान खाली घालून. बरं वाटत होतं गं ते बघायला. म्हटलं, उद्या सांगू.”

“आणि मग उद्या?”

“उद्या सांगायला गेलो तर आदल्या दिवशी का नाही सांगितलं, ते पण सांगावं लागलं असतं.”

मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटत होती. पन्नाशीची बहीण मोठ्या भावाला मारू शकत नाही, म्हणून बोलले. “तुझ्याबरोबर जे झालं ते विसरलास? तुला मोजणी खात्यात नोकरी लागली होती. रानोमाळ हिंडायचं, जमिनीचे नकाशे काढायचे. तू बूटसुद्धा घेतले होतेस. बाबा पडले, त्यांचा हात थरथरायला लागला, चार दिवसांसाठी म्हणून तू या स्टुलावर बसलास. तो हात मरेपर्यंत बरा झाला नाही. आणि तू हेच तिला करतोस? त्यांचा हात निदान खरा तरी होता.”

दादा भिंतीकडे बघत होता. “नव्हता,” तो म्हणाला.

मला आधी कळलंच नाही.

“पहिल्याच वर्षी कळलं मला. एकदा काहीतरी विचारायला वर गेलो, ते आरशासमोर उभे होते. हातात वस्तरा. गळ्यावरून फिरवत होते, सावकाश. एक ओरखडा नाही. मी तसाच खाली आलो.”

मोठ्या रस्त्यावरून कसलीतरी जड गाडी गेली, रिळं हलली. मी आमच्या बाबांना भरवलेलं आहे. चमच्याने. त्यांच्या जावयासमोर, माझ्या नवऱ्यासमोरसुद्धा त्यांना घास भरवताना मला संकोच वाटला नाही. ते सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं आणि मला मेलेल्या माणसाचा राग आला.

“मग तू गेला का नाहीस?”

“काय म्हणून जाऊ? बाबा, तुमचा हात बरा आहे, मी पाहिलंय, असं म्हणून? त्यांच्या तोंडावर?” तो पहिल्यांदा माझ्याकडे वळला. “तू म्हणाली असतीस?”

मी म्हटलं असतं. मला खात्री आहे की म्हटलं असतं. पण मला त्या स्टुलावर कधी कोणी बसवलंच नव्हतं.

मग मी त्याला बजावलं. शनिवारच्या आत तिला सांगायचं. तू सांगत नसशील तर मी सांगते. तो म्हणाला, “मीच सांगतो. पण मला माझ्या पद्धतीने सांगू दे. तोंडाने नाही जमणार मला.” मी हो म्हटलं. म्हणायला नको होतं, तिथेच मी तिला बोलवून सांगायला हवं होतं. पण भाऊच तो, आणि त्याचा चेहरा बघवत नव्हता.

बुधवारी गिऱ्हाईक फार होतं म्हणे. गुरुवारी वीज गेली. शुक्रवारी मी दवाखान्यात रजा टाकून दुकानात जाऊन बसले, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर. वहिनीही काहीतरी निवडायला घेऊन माझ्या मागे बसली. आम्ही दोघी जागा अडवून बसलो होतो. दादाला पळायला वाव ठेवायचा नव्हता.

ठिणगी आली, वह्यांचा गठ्ठा ठेवला. तिला आम्ही दोघी तिथे का ते विचारावंसं वाटलं असणार, पण विचारलं नाही. ती आतल्या स्टुलाकडे निघाली, तेव्हा दादा म्हणाला, “आज तू तिथे नको. बाहेरच्यावर बस. आत मी बसतो.”

त्याने दातांच्या डॉक्टरच्या यंत्राची एवढीशी मोटर पुढ्यात घेतली, दुकानातलं सगळ्यात नाजूक काम. तारेचं टोक उजव्या हाताच्या चिमटीत धरलं आणि भरायला सुरुवात केली. एक खाच, दुसरी खाच. तार कुठेही घासली नाही. त्याने कागद लावला, पट्ट्या बसवल्या, धाग्याने बांधलं. मध्ये एकदा तो थांबला आणि हात उचलून दिव्यासमोर धरला, तिला नीट दिसावा म्हणून. हलत नव्हता. माझ्या भावाने आयुष्यात इतकं कठीण काम केलेलं नाही. कपाळावरून घाम निथळत होता. मला त्याचा राग होता, आणि तरी त्या क्षणी मी त्याच्या बाजूने होते.

ठिणगी बघत होती. शेवटची गाठ बसली तेव्हा तो म्हणाला, “हात बरा झालाय.”

“मला माहीत आहे, बाबा.”

“आज नाही. कधीचाच.”

“तेही माहीत आहे. तुम्ही शर्टाची बटणं लावता ना सकाळी, मी खिडकीतून बघते. आईला पण माहीत आहे.”

मी मागे वळून बघितलं. वहिनी निवडत होती. तिचे हात थांबले नव्हते.

दादाने दोन्ही हात मांडीवर ठेवले. “मग तू शाळेला हो कळव. आत्ता कळव. उद्यापर्यंत मुदत आहे ना. मी इथे बघतो माझं. खरंच बघतो.”

“मी सोमवारीच कळवलं,” ती म्हणाली. “नाही म्हणून.”

“अगं पण का?” हे मी ओरडले. “माहीत होतं ना तुला? खोटं आहे हे माहीत असून नाही म्हणालीस?”

ती माझ्याशी बोलली, पण बघत होती त्याच्याकडे. “आत्या, हात खरंच वाईट असता तर मी गेले असते. आजारी माणसाला सोडून जाता येतं. तू आहेस, आई आहे, औषधं आहेत, एखादा मिस्त्री ठेवता येतो. पण हात बरा असून माणूस रोज सकाळी उठून थरथरतो. जेवताना, चहा पिताना, सगळ्यांच्या देखत, एवढे महिने. मी इथे बसावं म्हणून. त्याला सोडून कसं जायचं, ते मला नाही कळलं.”

दादाने डोळे मिटून घेतले. तो बापाविषयी जे मला सांगू शकला नव्हता, कदाचित स्वतःलाही कधी नीट सांगितलं नव्हतं, ते त्याच्या मुलीने त्याला सांगितलं होतं. आपण का थांबलो हे त्याला त्या दिवशी कळलं असं मला वाटतं. आणि आपण काय घेतलं तेही.

“फोन कर,” तो म्हणाला. “चूक झाली म्हण. बापाची चूक झाली म्हण. मी बोलतो त्यांच्याशी, दे.”

तिने वाद घातला नाही. फोन लावला आणि आम्हाला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. पलीकडच्या बाई चांगल्या होत्या. त्यांना मनापासून वाईट वाटलं. तुमचं उत्तर आलं तेव्हा यादीतल्या पुढच्या बाईंना बोलावलं, त्या कालच रुजू झाल्या, असं म्हणाल्या. पुन्हा जागा निघाली तर नक्की कळवू. ठिणगीने त्यांचे आभार मानले, मुलांना कुठली पुस्तकं लावली आहेत ते विचारलं आणि फोन ठेवला.

दादा रडायला लागला. बाबा गेले तेव्हा तो रडला नव्हता. वहिनी उठली, पण मध्ये मी होते आणि जागा नव्हती. ठिणगीने त्याला जवळ घेतलं नाही, आणि मला त्याचं बरं वाटलं. निदान एवढं तरी तिने त्याला दिलं नाही. ती तो थांबेपर्यंत बसून राहिली.

दारात एक माणूस आला, हातात पंखा घेऊन. आत काय चाललंय ते त्याला दिसलं आणि तो परत फिरायला लागला. ठिणगी म्हणाली, “या ना. काय झालंय त्याला?”

“जळलाय बहुतेक. घरात पेशंट आहे हो, गरमीत हाल होतात. कधी मिळेल?”

तिने बापाकडे बघितलं. तो तोंड पुसत होता. तिनेच पंखा हातात घेतला, पाती फिरवून बघितली, वास घेतला.

“उद्या दुपारी या,” ती म्हणाली. “सकाळी माझी शाळा असते.”